पंच्याण्णवच्या वर

वॉर्डात तिला गुलाबबाई म्हणायचे. तोंडावर नव्हे, तोंडावर ती ‘सिस्टर’ होती, फार तर ‘बाई’. पाठ वळली की गुलाबबाई. हे तिला पक्कं ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. नाव पडलं त्याचं कारण असं, की रोज सकाळी आठला ती ड्यूटीवर यायची, कोपरापर्यंत हात धुवायची आणि कुणाशी अवाक्षर बोलायच्या आधी अकराच्या अकरा पेट्यांवरून एक फेरी मारायची. प्रत्येक काचेत डोकावायची आणि शेरा द्यायची. “गुलाबी.” “हाही गुलाबी.” “ही जरा फिकी दिसते, बघते हिच्याकडे.” फेरी संपली की रात्रपाळीच्या पोरीकडे वळायची, “हं, सांग आता तुझे आकडे.” आधी रंग, मग आकडे, हा तिचा सदतीस वर्षांचा शिरस्ता.

पेट्या म्हणजे काचेच्या पेट्या, दिवस भरायच्या आत जगात येऊन पडलेल्या बाळांच्या. आठव्या महिन्यातली, सातव्यातली, आणि अलीकडे तर सहावा पुरा न झालेलीसुद्धा. या शेवटच्यांना पहिल्यांदा बघणारा माणूस एक पाऊल मागे सरकतो. कातडी इतकी पातळ की आतली धावपळ बाहेरून दिसते. पापण्या चिकटलेल्या, कानांच्या घड्या पडलेल्या, आणि सगळा पंजा आपल्या अंगठ्याच्या नखावर मावेल एवढा. गुलाबबाई मात्र त्यांच्याकडे शेजारपाजारच्या पोरांकडे बघावं तशी बघायची आणि त्यांच्याशी बोलायची.

बोलणं हा तिचा मोठाच अवगुण होता. तोंडाचा पट्टा आठला सुरू झाला की चारलाच थांबायचा. बस कशी चुकली, वहिनी चहात साखर कशी विसरली, बसमध्ये समोरची बाई कशी घोरत होती, सगळं पेटीच्या गोल खिडकीतून हात घालता घालता त्या मूठभर जिवांना सांगून व्हायचं. एकदा एक शिकाऊ डॉक्टर म्हणाला, “सिस्टर, त्यांना काय कळतंय?” तर म्हणाली, “तुला कळतं, म्हणून तुझ्याशी बोलून काय मोठा उजेड पडला?” त्या पोरानं पुन्हा वाटेला जायचं धाडस केलं नाही.

घरी दोघीच, ती आणि वहिनी. भाऊ अकरा वर्षांपूर्वी गेला, हिनं लग्न केलं नाही. नणंद-भावजयीत विळ्या-भोपळ्याचं सख्य असतं असं म्हणणाऱ्यांनी या दोघींना पाहिलं नसावं. भांडायच्या रोज, पण जेवणावर राग कुणी काढला नाही. संध्याकाळी वहिनी दार उघडताना एकच विचारायची, “काय वन्सं, सगळी आहेत ना?” गुलाबबाई चपला काढता काढता सांगायची, “आहेत.” ज्या दिवशी नुसतीच आत जायची त्या दिवशी वहिनी पुढचं विचारत नसे.

आता हा गुलाबी रंगाचा ध्यास आला कुठून, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. विसाव्या वर्षी ती नोकरीला लागली तेव्हा पेट्या होत्या दोन, आणि त्याही लाकडी, आत दिवे लावून ऊब दिलेल्या. किलोच्या आतलं पोर आलं की डॉक्टर म्हणायचे, “हे राहणार नाही, बाजूला ठेवा.” बाजूला म्हणजे खिडकीशेजारच्या स्टीलच्या ट्रेमध्ये, वरून एक कापड. तिच्या पहिल्याच महिन्यात असं एक आलं. ट्रेमध्ये ठेवलं आणि ते राहिलं की. चार तास राहिलं. ऑक्सिजनचा सिलिंडर एकच, तो ऑपरेशनच्या खोलीत. ही दर पाच मिनिटांनी कापड उचलून बघत होती. आधी ओठ निळे झाले, मग नखं, मग पावलं. सरतेशेवटी वीतभरही नसलेल्या त्या पोटाची हालचाल थांबली. जुनी मेट्रन, आयुष्यात कुणाला गोड न बोललेली बाई, तिच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “निळं दिसलं की धावायचं. गुलाबी आहे तोवर पोर आपलं.” तिनं ते जन्माचं लक्षात ठेवलं. पुढे सिलिंडर आले, भिंतीतून नळ्या आल्या, मॉनिटर आले, पण तिच्या मनातला तो ट्रे काही कुणी उचलून नेला नाही.

तीन वर्षांपूर्वी वॉर्डात नवी डॉक्टर आली. बारीक, शांत, आवाज कधी न चढवणारी. तिनं आल्या आल्या प्रत्येक पेटीवर एक कागद चिकटवला: ‘नव्वद ते पंच्याण्णव’. रक्तातला ऑक्सिजन मॉनिटरवर आकड्यात दिसतो, तो आकडा या दोहोंच्या मध्ये राहिला पाहिजे. सगळ्या सिस्टरांना तिनं एका खोलीत बसवून समजावलं. “एवढ्या लहान बाळाच्या डोळ्याच्या मागच्या पडद्यात शिरा अजून वाढतच असतात. आईच्या पोटात त्यांना थोडक्या ऑक्सिजनची सवय. इथे आपण जास्त दिला की त्या वाढायच्या थांबतात. मग कधीतरी वेड्यावाकड्या फुटतात आणि पडदाच ओढून सोडवतात. बाळ जगतं, पण त्याला दिसत नाही. म्हणून पंच्याण्णवच्या वर गेलं की ऑक्सिजन खाली आणायचा. लगेच.”

“आणि नव्वदच्या खाली गेलं तर?” गुलाबबाईनं विचारलं.

“तर वाढवायचा.”

“मग आधीच थोडा वर ठेवला तर ते खाली जाणारच नाही की. गाठीला चार दाणे असलेले बरे.”

खोलीत हशा पिकला. डॉक्टर हसली नाही. “सिस्टर, नेमकी तीच चूक आपल्याला करायची नाहीये,” ती म्हणाली. गुलाबबाईनं मान डोलावली. पेट्यांवर तिनं ते पाळलंही, निदान बहुतेक वेळा. पण सदतीस वर्षांच्या हातांना कागद वाचता येत नाही.

मग चिमटी आली. हे नाव गुलाबबाईचं. चिमटीत धरावी एवढीच ती होती. पंचविसावा आठवडा, वजन सहाशे चाळीस ग्रॅम. आई बेकरीत पाव भरायच्या कामावर होती, तिथेच कळा आल्या आणि दवाखान्यात पोचता पोचता सगळं उरकलं. या आधी तिची तीन गेली होती, तिन्ही चौथ्या-पाचव्या महिन्यातच. हे चौथं, आणि रडायचा आवाज काढलेलं पहिलं. आवाज कसला, मांजराच्या पिलाचा. पण आईनं तो ऐकला होता, आणि एकदा ऐकलेला आवाज विसरता येत नाही. बाप दूरच्या बांधकामावर, सुट्टीच्या दिवशी यायचा आणि काचेला हात लावून उभा राहायचा. आई रोज. दुधाचे चार थेंब सिरिंजमध्ये घेऊन यायची आणि पेटीशेजारच्या स्टुलावर बसायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी चिमटी श्वास घ्यायची विसरली. अशी बाळं विसरतात. तळपायावर टिचकी मारली की बहुधा आठवतं. या वेळी आठवलं नाही. आकडा ऐंशी, साठ, चाळीस. अंगाचा रंग ट्रेमधल्या त्या पोराचा झाला. आई स्टुलावरून उठून भिंतीला टेकली. नवी डॉक्टर धावत आली, श्वासाची नळी बदलली, आणि दोन मिनिटांनी पोट पुन्हा हललं. गुलाबबाईचे हात त्या दोन मिनिटांत एकदाही चुकले नाहीत. नंतर मात्र तिनं भांड्यांच्या खोलीत जाऊन नळ सोडला आणि खाली बसून रडली.

दुसऱ्या दिवसापासून तिनं ऑक्सिजनचा नॉब दोन रेघा वर ठेवायला सुरुवात केली. आकडा सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णववर जायचा आणि अलार्म वाजायचा, कारण वरची मर्यादा पंच्याण्णवला लावलेली. अलार्म वाजला की चिमटी दचकायची, दचकली की आकडा कोसळायचा. मग गुलाबबाईनं मर्यादाच शंभरवर नेऊन ठेवली. पोर दचकायचं थांबलं. अंगावर असा रंग चढला की बघत राहावं. चारला पाळी संपायच्या आधी ती नॉब आणि मर्यादा दोन्ही होती तिथे आणून ठेवायची, दुसऱ्याची वस्तू वापरून जागेवर ठेवावी तशी. यात लपवण्यासारखं काही नाही असं ती स्वतःला सांगायची. पण परत लावताना एकदा दाराकडे बघून घ्यायची. एवढं तिलाही कळत होतं.

दिवसामागून दिवस गेले. दुपारच्या पाळीला चिमटी एक्क्याण्णव-ब्याण्णववर असायची, अधूनमधून खाली जायची, टिचकी मारावी लागायची. सकाळी मात्र शांत. आईच्याही ते लक्षात आलं होतं. गुलाबबाई तिला सांगायची, “हात नुसता ठेव, पोरी, चोळू नकोस. हं, असा. आता बोल तिच्याशी.” आई म्हणायची, “काय बोलू?” “काय वाटेल ते. मी काय मोठं ज्ञान सांगते?” मग आई हळूच पावांबद्दल बोलायची, भट्टी किती वाजता पेटते, पहिला घाणा कसा निघतो. पण चिमटी वळायची ती गुलाबबाईच्या आवाजाकडे. महिन्याभरात पोराची मान हलायला लागली, आणि सकाळी आठला “काय गं चिमटे, रात्र कशी गेली” ऐकलं की ती मान काचेच्या त्या बाजूला सरकायची. सगळा वॉर्ड बघायचा. गुलाबबाई त्या दिवसांत जमिनीवरून चालत नव्हती.

घरी तिचं चिमटीपुराण चालायचं. वहिनी भाजी चिरता चिरता ऐकायची. एकदा तिनं नॉबचं आणि अलार्मचंही सांगून टाकलं, कौतुकानं. वहिनीचा हात थांबला. “डॉक्टरणीनं नको म्हटलंय ना?”

“डॉक्टरणीला तीन वर्षं झाली. मला सदतीस.”

“असतील. पण वन्सं, अति तिथं माती.” वहिनीनं परत चिरायला घेतलं. “मला आपलं काय कळतंय म्हणा.”

पाचव्या आठवड्यात डोळ्यांचे डॉक्टर आले. ते दर गुरुवारी यायचे, कपाळावर दिवा बांधून. बाळाच्या डोळ्यांत थेंब घालायचे, पापण्या तारेच्या चिमट्यानं उघड्या ठेवायचे आणि भिंगातून आत बघायचे. डोकं धरायचं काम गुलाबबाईचं. दोन्ही तळव्यांत चिमटीचं डोकं धरून ती पुटपुटत होती, “झालं, झालं, आता काका जातील हं.” काका गेले नाहीत. ते फार वेळ बघत राहिले, एक डोळा, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. सरळ उभे राहिले तेव्हा नव्या डॉक्टरला म्हणाले, “शिरा फार मागेच थांबल्यात, आणि आता भलत्याच फुटायला लागल्यात. पुढच्या गुरुवारपर्यंत थांबता येणार नाही. उद्या लेसर करू.”

लेसर झालं. आठवड्यानं परत झालं. नववा आठवडा लागता लागता डाव्या डोळ्याचा पडदा सुटला, बाराव्यात उजव्याचा. मोठी शस्त्रक्रिया केली तरी फार काही हाती लागणार नाही, असं त्यांनी सांगितलं. उजेड आणि अंधार यांतला फरक कळला तर कळेल. त्याच आठवड्यात चिमटीची श्वासाची नळी निघाली, ती स्वतःची स्वतः श्वास घ्यायला लागली आणि वजन दीड किलोच्या वर गेलं. वॉर्डात कुणाला हसावं की रडावं ते कळेना.

पहिल्या लेसरनंतर दोनच दिवसांनी नव्या डॉक्टरनं गुलाबबाईला आपल्या खोलीत बोलावलं होतं. खोली म्हणजे फायलींच्या कपाटाआड एक टेबल आणि दोन खुर्च्या. टेबलावर मॉनिटरमधून काढलेला कागद होता, चिमटीच्या सगळ्या दिवसांचा आलेख. ऑक्सिजनची रेघ खालीवर होत चालली होती, नव्वद, त्र्याण्णव, एकदम ऐंशी, परत ब्याण्णव. आणि दर दिवसात एकदा ती रेघ उचलली जाई आणि वर जाऊन सपाट होई, ओट्यासारखी. सकाळी आठला चढायची, दुपारी चारला उतरायची. रोज. आठवड्यातला एक दिवस सोडून. तो तिच्या सुट्टीचा दिवस होता.

डॉक्टरनं कागद तिच्याकडे फिरवला. गुलाबबाईनं आठवर बोट ठेवलं, मग चारवर.

“सगळं बरोबर करूनही हे होतं, सिस्टर,” डॉक्टर म्हणाली. “पंचविसाव्या आठवड्यातलं बाळ आहे. यामुळेच झालं असं कुणीच छातीठोक सांगू शकत नाही.”

“आणि यामुळे नाही झालं, असं?”

डॉक्टरनं कागदाची घडी घातली. मग म्हणाली, “मला अहवालात लिहावं लागेल. कुठल्या वेळेला काय होतं तेवढं लिहीन. तुमचं नाव मी लिहिणार नाही.”

“वेळ लिहिलीत की नाव आलंच.” ती उठली. दाराशी थांबून म्हणाली, “मला तुम्ही त्या दिवशी सांगितलं होतंत. हसण्यावारी मीच नेलं.”

बाहेरच्या बोळात एक मोठा फळा होता. घरी गेलेल्या बाळांचे आईबाप पुढे फोटो पाठवायचे, ते त्यावर लावलेले. शाळेतले, सहलीतले, बक्षीस घेतानाचे. सगळी तिची पोरं. आल्यागेल्याला ती हा फळा दाखवायची आणि म्हणायची, “माझी पोरं बघा कशी अभ्यासू, अर्ध्यांना चष्मे.” हा तिचा ठरलेला विनोद. त्या दुपारी ती फळ्यासमोर उभी राहिली आणि पहिल्यांदा ते चष्मे तिनं नीट पाहिले. कुणाच्या काचा बाटलीच्या बुडाएवढ्या जाड. एक मुलगी मान पार वाकडी करून कॅमेऱ्याकडे बघत होती. एका मुलाचा डोळा भलतीकडेच लागलेला. दिवस भरायच्या आत आलेल्यांना चष्मे लागतातच, हे तिला माहीत होतं, पुस्तकातही आहे. पण यांतले माझ्या हातचे किती, हे आता कुणाला विचारायचं? त्या काळी कागद निघत नव्हते. ज्या फळ्याकडे बघून ती थकलेल्या दिवसांतून उभी राहत आली होती, त्याच्याकडे तिला बघवेना. त्या दिवसापासून ती मागच्या जिन्यानं ये-जा करायला लागली.

त्या संध्याकाळी वहिनीनं दार उघडून विचारलं, “सगळी आहेत ना?”

“आहेत,” ती म्हणाली आणि तिथेच उंबऱ्यावर बसली. सगळं सांगितलं. वहिनीसुद्धा शेजारी बसली. मी म्हटलं नव्हतं का, हे वाक्य तिच्या तोंडाशी आलं असेलच. तिनं ते गिळलं, एवढे उपकार केले. मग म्हणाली, “तुम्ही मायेनं केलंत.”

“हो ना,” गुलाबबाई म्हणाली. “रागानं केलं असतं तर इतके दिवस जमलं नसतं.”

दुसरा पडदाही सुटल्यावर आईला सांगायचं काम वॉर्डाच्या मोठ्या डॉक्टरांनी केलं, त्यांच्या पद्धतीनं, खुर्ची जवळ ओढून. फार लवकर जन्मली, त्यामुळे डोळे तयार झाले नव्हते, आपण सगळे उपाय केले. यात एक शब्द खोटा नव्हता. आलेखाचा विषय निघाला नाही. गुलाबबाई दाराबाहेर उभी होती. तिला वाटलं, चला, सुटले. आणि असं वाटल्याबद्दल तिला स्वतःची शिसारी आली.

पंधराव्या आठवड्यात चिमटी घरी जायला निघाली. दोन किलो शंभर. त्या दिवशी सकाळी बाळाला पाजून, आंघोळ घालून, कपडे कसे चढवायचे हे आईला शिकवायचं म्हणून दोघी वॉर्डाशेजारच्या लहान खोलीत बसल्या होत्या. पलंग, पाळणा, हात धुवायचं बेसिन, बस. आईनं आणलेलं झबलं नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या मापाचं होतं, तरी चिमटीला मोठंच होत होतं. बाह्या दुमडता दुमडता ती बोलायला लागली.

“डॉक्टर म्हणाले, लवकर आली म्हणून. म्हणजे माझ्याच पोटानं धरलं नाही तिला. तिघांना नाही धरलं, हिलाही नाही. मी काय करत होते माहितीय त्या दिवशी? पावाचे ट्रे उचलत होते. बाजूची म्हणाली होती, नको उचलू. मी उचलले.” तिनं दुसरी बाही दुमडली. “रोज तेच येतं मनात. दोन ट्रे कमी उचलले असते तर तिला दिसलं असतं.”

गुलाबबाईच्या हातातला टॉवेल तसाच राहिला.

“तुम्ही होतात म्हणून निभावलं, सिस्टर. तुमच्या वेळेला ती कधी निळी पडली नाही. चार वाजत आले की माझी नजर घड्याळावरून हलायची नाही. मी इथे बसून म्हणायचे, देवा, आज चार वाजूच देऊ नकोस.”

न सांगता निभावून नेणं सोपं होतं. आठ महिन्यांनी निवृत्ती, मग सगळ्यांचे नमस्कार आणि एक हार. पण समोरची बाई दोन ट्रे आयुष्यभर उचलत राहणार होती, आणि ते ट्रे तिचे नव्हते. गुलाबबाई खाली पलंगाच्या कडेला बसली आणि सांगितलं. नॉब सांगितला, अलार्म सांगितला, चारला परत लावायची ते सांगितलं. डॉक्टरनं आधी बजावलं होतं तेही लपवलं नाही. यामुळेच झालं असं कुणी ठाम म्हणत नाही, हे मात्र सांगायला ती विसरली. की मुद्दामच गाळलं, ते तिलाही पुढे कधी ठरवता आलं नाही.

आई बाळाकडे बघत ऐकत होती. मग म्हणाली, “म्हणजे मी चार वाजू नयेत म्हणायचे तेव्हा...”

“हो.”

“दुसऱ्या सिस्टर असत्या तर दिसलं असतं हिला?”

“कदाचित.”

“आणि जगली असती?”

“माहीत नाही, पोरी. खरंच माहीत नाही.”

“मग मला कशाला सांगितलंत?” आवाज चढला नाही तिचा, चढला असता तर बरं झालं असतं. “इथे एक माणूस होतं माझं. तेवढं तरी ठेवायचं होतंत.”

जिभेला सवय, गुलाबबाई म्हणाली, “मला माफ कर म्हणत नाही, फक्त...” आणि तो आवाज ऐकताच चिमटीनं मान वळवली. आईच्या मांडीवरून, ढगळ झबल्यातून ती मान हळूहळू वळली आणि दोन्ही पांढुरके डोळे गुलाबबाईच्या अंगावरून पलीकडे कुठेतरी जाऊन थांबले. तोंड थोडंसं उघडलं. रोज सकाळी आठला उघडायचं तसंच.

आईनं ते पाहिलं. तिनं बाळाचं डोकं आपल्या छातीशी फिरवून घेतलं आणि म्हणाली, “बोलू नका आता. तुम्ही बोललात की ती तुमच्याकडे वळते.”

दुपारी बाप सामान घ्यायला आला. पिशव्या, औषधं, कागद. सगळा वॉर्ड लिफ्टपर्यंत पोचवायला निघाला, तशी पद्धतच होती. गुलाबबाई मागे राहणार होती, पण त्या माणसानंच तिला शोधून पुढे आणलं. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. तो भोळेपणानं हात जोडून म्हणाला, “सिस्टर, तुमचे उपकार कसे फेडू? बोला की दोन शब्द हिच्याशी. ही म्हणते, तुमचा आवाज बरोबर ओळखते पोर.”

लिफ्ट आली. आई आत शिरून भिंतीला टेकून उभी राहिली, बाळ खांद्यावर. ती गुलाबबाईकडे सरळ बघत होती, आणि त्या बघण्यात रागही नव्हता. नुसती वाट बघत होती, ही काय करते त्याची. “बोला ना,” बाप परत म्हणाला. नवी डॉक्टर खाली बघत होती. आयाबाई डोळे पुसत हसत होत्या. त्यांना वाटलं, बाईंना भरून आलंय.

गुलाबबाईनं ओठ घट्ट मिटून मान हलवली. चिमटी आईच्या खांद्यावरून मान या बाजूला करून होती, कान लावून, रोजच्यासारखी. ती तशीच थांबून राहिली दार बंद होईपर्यंत, आणि गुलाबबाई तोंडावर हात दाबून उभी होती.